शेवटच्या ओळीतला खिळा

"जुनं काढल्याशिवाय नवं बसणार नाही, तात्या," मी म्हणाले.

तात्यांनी की-बोर्डवरचे हात पटकन उचलून मांडीवर घेतले. "म्हंजे हे सगळं पुसायचं?"

"ऑफिस पुसायचं, म्हणजे लिहायचा प्रोग्राम. तुमची पानं नाही पुसायची."

"कपाट काढल्यावर पुस्तकं कुठं राहतात वो अक्का? जमिनीवरच की."

"जमिनीवर नाही, शेजारच्या खोलीत. मी वेगळी काढून ठेवलीत. सीडीवरही उतरवलीत, दोनदा."

"तिनदा उतरवा."

मी मुकाट्याने तिसऱ्यांदा उतरवली. गडहिंग्लजच्या वाचनालयातली फेब्रुवारीतली शनिवारची सकाळ होती. मासिकांच्या खोलीत आडवी भिंत घालून काढलेल्या चिंचोळ्या जागेत आमचा 'संगणक कक्ष' होता. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि एका बँकेने वापरून झाल्यावर दिलेला संगणक. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मी स्वतः घातलं होतं आणि त्याचा मला भारी तोरा होता. 'याला व्हायरस लागत नाही' हे वाक्य मी पेपर चाळायला येणाऱ्या पेन्शनरांनासुद्धा ऐकवलं होतं. मी चोवीस वर्षांची होते. समोरच्याचं विचारणं पुरं व्हायच्या आत माझं उत्तर तयार असायचं, आणि यालाच हुशारी म्हणतात अशी माझी समजूत होती. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली.

तात्या म्हणजे तातोबा कुराडे, वय एकाहत्तर. श्रीपाद मुद्रणालयात छत्तीस वर्षं जुळारी होते. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे खणांतून एकेक उचलून ओळी जुळवणारा माणूस. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांना वाटलं, आपली बोटंही बंद पडली. मग वाचनालयाला शंभर वर्षं झाली, समितीने स्मरणिका काढायची ठरवली, आणि अध्यक्षांनी 'तात्या, छपाईतलं तुम्हालाच कळतं' म्हणून ते लचांड त्यांच्या गळ्यात घातलं. तात्यांनी ते हारासारखं मिरवलं. गावात फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं केलं, जुनी दप्तरं उपसली, पाच प्रकरणं लिहिली आणि सत्तराव्या वर्षी मराठी की-बोर्ड शिकून स्वतः टाइप केली. पंधरा दिवसांत ते माझ्यापेक्षा वेगात टाइप करू लागले. फक्त माऊसला हात लावायचा नाही, ही त्यांची अट. "हात खिळ्यावर चालायला पायजे," ते म्हणायचे, "टेबल पुसल्यासारखा न्हवं." त्यांचं सगळं काम बाणांच्या कळांवर.

नव्या ऑफिसची गरज पडली ती अध्यक्षांच्या मनोगतामुळे. ते त्यांच्या मुलाने पुण्याहून कुठल्याशा नव्या प्रकारात पाठवलं होतं आणि आमच्या जुन्या ऑफिसमध्ये उघडलं की नुसते चौकोन दिसायचे. मंगळवारी सगळा मजकूर कोल्हापूरला छपाईला जायचा होता. ऑफिसच्या तिसऱ्या आवृत्तीत ते उघडेल असं मी वाचलं होतं. आमच्या फोनच्या तारेवरून एवढं मोठं काही उतरायला आठवडा लागला असता, म्हणून एका संगणकाच्या मासिकासोबत आलेली सीडी मी मैत्रिणीकडून मागवून घेतली होती.

"आणि हे एक," तात्यांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. "ह्यातलं एक नाव उडवायचंय. आजच्या आजच."

तो श्रेयनामावलीचा कागद होता. 'मुद्रितशोधन : कुमुद हेर्लेकर' या ओळीवर तात्यांनी पेन्सिलने रेघ मारली होती आणि टोकाला प्रूफातली 'काढा'ची वळणदार खूण केली होती.

"तात्या! तुम्हीच तर हट्ट धरला होता, वाचतील तर हेर्लेकरबाईच वाचतील म्हणून."

"धरला हुता." ते कागदाकडे न बघता म्हणाले. "पण त्यांनी वाचलंच न्हाई. मग नाव कसं घालायचं? खोटं पडंल की."

मी पडद्यावर काळी खिडकी उघडून जुनं ऑफिस काढायचा हुकूम टाइप केला. ओळी भराभर वर सरकू लागल्या आणि तात्या त्या ओळी डोळ्यांनी धरायला बघत होते.

हेर्लेकरबाईंना मी पाहिलेलं नव्हतं, पण गेले तीन महिने त्यांच्याबद्दल ऐकून ऐकून त्या मला घरच्या झाल्या होत्या. त्या छापखान्याच्या माडीवर बसायच्या आणि तात्या खाली. मध्ये लाकडी जिना. खाली छपाईचं ट्रेडल मशीन असं खडखडायचं की माणसाचं बोलणं माणसाला ऐकू जायचं नाही, म्हणून जे काय सांगायचं ते बाई प्रूफाच्या समासात लिहायच्या. सत्तावीस वर्षं त्यांनी तात्यांचं एकेक पान वाचलं आणि एकही पान खूण केल्याशिवाय खाली सोडलं नाही. त्या आवाजात बाईंचे कान गेले ते गेलेच. छापखाना बंद झाल्यावर एकटी बाई राहून करणार काय, म्हणून पुतण्या त्यांना बेळगावला घेऊन गेला. त्याला आता सात वर्षं झाली होती. फोनवर त्यांना काही ऐकू यायचं नाही, तेव्हा बोलणंही संपलं होतं.

स्मरणिकेचं निघालं तेव्हा तात्यांनी मला त्यांच्या पुतण्याचा ई-मेल पत्ता शोधायला लावला. बाईंकडे विंडोज, म्हणून फाइल त्या जातीची करून मी पाठवायची. पुतण्याची बायको ती उघडून द्यायची, आणि दहाबारा दिवसांनी फाइल परत यायची. मेलमध्ये 'सोबत फाइल' एवढेच दोन शब्द असत.

"चार प्रकरणं गेली आणि चार आली," तात्या म्हणाले. "एक खूण न्हाई. शब्दाला शब्द जसाच्या तसा. मी काय एवढा शुद्ध लिहितो व्हय?"

"डोळे थकले असतील त्यांचे."

"डोळं थकलं तर सांगावं माणसानं. मी तर आपला रिवाज सोडला न्हाई. आलेली फाइल साफसूफ करायची, दुसरं प्रूफ म्हणून पुन्यांदा पाठवायची, संगट पुढचं प्रकरण जोडायचं. ते ठिपकं काढता काढता माझी मान मोडायची."

ते ठिपके मला माहीत होते. बेळगावहून परत आलेल्या फाइलीत जागोजागी पिवळे, तिळाएवढे चौकोन असत. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा तात्या थेट पुस्तकं द्यायच्या टेबलाशी येऊन मला विचारू लागले होते, 'अक्का, ही पिवळी टिकली कसली वो?' माझ्यापुढे सहा माणसं रांगेत होती. मी मानही वर न करता म्हणाले होते, 'विंडोजवरून येताना कचरा येतो कधीकधी. काढून टाका.' तात्यांनी काढून टाकले. जुळाऱ्याचंच काम ते, ओळीत एक कण दिसला तरी त्यांना चैन पडायचं नाही. बाणाने ठिपक्यापाशी जायचं, कळ दाबायची, पुढच्याकडे जायचं. तांदूळ निवडत बसल्यासारखे ते दुपारभर बसायचे आणि मी त्यांना हसायचे.

जुनं ऑफिस गेलं. मी सीडीतलं गाठोडं सोडलं. आत पन्नासेक पुडकी होती, ती एका दमात बसवायचा हुकूम दिला आणि आम्ही दोघं बसून राहिलो.

"त्या जिन्यानं बाई खाली कधी यायच्या नाहीत?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"यायच्या की. पुस्तक संपलं की यायच्या." तात्यांचा चेहरा जरा सैल झाला. "शेवटच्या पानावर माझा एक खिळा उलटा पडायचा. डोकं खाली, पाय वर. दर पुस्तकाला. बाकी चुका समासात लिहून धाडायच्या, पण उलटा खिळा बाई सोताहून दाखवायला यायच्या. हातात पान घेऊन जिना उतरायच्या. 'तातोबा, हा बघा तुमचा उलटा,' म्हणायच्या. मग मशीन घटकाभर बंद. च्या व्हायचा."

"दर पुस्तकाला? तुमच्यासारख्या माणसाकडून?"

"पडायचा चुकून," तात्या म्हणाले आणि पडद्याकडे बघू लागले. "अक्का, थांबलं बघा ते."

खरंच थांबलं होतं. सगळं नीट बसलं होतं, एकही तक्रार नव्हती. मी मोठ्या ऐटीत मेनू उघडला, तर मेनूत ऑफिस नाही. पुन्हा उघडला, तरी नाही. संगणक बंद करून चालू केला. खेळ होते, कॅलक्युलेटर होता, पण ऑफिस नव्हतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. जुनं तर मीच माझ्या हाताने घालवलं होतं.

"गेलं?" तात्यांनी अगदी हळू विचारलं.

"नाही हो, इथंच आहे कुठंतरी."

"अक्का, वरीसभराचं काम हाय वो ते."

"माहितीय मला!" मी खेकसले. मग लाज वाटली. तात्यांनी उठून माझ्यासाठी मडक्यातलं पाणी आणलं.

अर्ध्या तासाने मला उमगलं की सीडीतल्या फोल्डरात आणखी एक फोल्डर होतं. ऑफिस बसलं होतं, पण त्याचं नाव मेनूत आणून लावणारं पुडकं वेगळं होतं आणि ते त्या आतल्या फोल्डरात होतं. सूचना सीडीवरच लिहिलेल्या होत्या. मी त्या वाचल्या नव्हत्या, कारण मला सगळं येत होतं. ते पुडकं बसवलं, आणि मेनूत ऑफिस अवतरलं. अध्यक्षांचं मनोगत उघडून बघितलं, तर चौकोनांच्या जागी स्वच्छ मराठी. जीव भांड्यात पडला.

"आता माझं एखादं पान दाखवा," तात्या म्हणाले. "ह्यात कसं दिसतंय बघू."

"पाचवं प्रकरण काल बेळगावहून आलंय. ते अजून उघडलेलंच नाही, तेच बघू."

"कशाला. परत टिकल्याच असतील."

तरी मी ते मेलमधून उतरवलं आणि उघडलं. पान डावीकडे सरकलं आणि उजवीकडे समासाची एक करडी पट्टी तयार झाली. हे असं पूर्वी कधी व्हायचं नाही. त्या पट्टीत, पहिल्या ओळीसमोर, पिवळ्या रंगाचा एक चौकोन होता. तिळाएवढा नव्हे, चांगला तळहाताएवढा. त्यात अक्षरं होती.

"हे काय?" तात्या पुढे वाकले. चष्मा नाकावर ढकलून ते वाचू लागले. मीही वाचलं.

'तातोबा, चार प्रकरणांवर खुणा केल्या. तुम्ही दर वेळी त्या पुसल्यात आणि चुका तशाच ठेवून दुसरं प्रूफ म्हणून मला परत पाठवलंत. सत्तावीस वर्षांत तुम्ही माझी एक खूण वाया घालवली नव्हती. माझं वाचणं नकोसं झालं असेल तर तसं कळवायचं होतं. हे प्रकरण न वाचता परत करते. स्मरणिकेत माझं नाव घालू नये. कु. हे.'

तात्यांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा त्यांचे ओठ हलत होते.

"खुणा?" ते म्हणाले. "कुठल्या खुणा?"

मला कळलं होतं. "तात्या," मी म्हणाले, "ते पिवळे ठिपके."

"तो कचरा हुता."

"कचरा नव्हता. त्यांच्या ऑफिसात समासात लिहायची सोय आहे. त्यांनी तिथे लिहिलं. आपल्या जुन्या ऑफिसात समास दिसायचा नाही, फक्त ठिपका दिसायचा. त्यावर माऊस नुसता नेला असता ना, तरी अक्षरं दिसली असती. मी बघितलंच नाही. तुम्ही विचारलंत आणि मी न बघता सांगितलं."

वाटलं, आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. तात्या स्वतःच्या उजव्या हाताच्या तर्जनीकडे बघत होते, जिने ती कळ दाबली होती.

"त्रेपन्न हुते पहिल्यात," ते म्हणाले. "मोजून काढले मी."

"चूक माझी आहे, तात्या."

"तुमची कसली? मला छापखान्यात कोण म्हणालं असतं, हा खिळा न्हवं, कचरा हाय, तर मी आधी बोटानं चाचपून बघितला असता. हितं बघितला न्हाई. नवं यंतर म्हणून भ्यालो." "बाईनं लिवलं आणि मी पुसलं. वर त्यांनाच धाडलं, बघा म्हणून, किती साफ केलं."

मी मेल उघडला. "थांबा. तुम्ही पुसलं ते तुमच्या फाइलीतलं. टपालात आलेली मूळ फाइल तशीच असते. चारही आहेत, तात्या. सगळ्या खुणा आहेत."

"परत येतात?"

"गेल्याच नव्हत्या."

पहिलं प्रकरण उघडलं. उजवी पट्टी वरपासून खालपर्यंत पिवळी झाली. तात्यांनी खुर्ची इतकी पुढे ओढली की त्यांचा श्वास काचेवर दिसू लागला.

'ग्रंथपाल १९४१ साली वारले असं वर म्हणता. इथे ते १९४३ साली पुस्तकं देत आहेत. तपासा.'

'परिच्छेद पाडा. वाचणाऱ्याला दम लागतो.'

'अध्यक्षांना चार विशेषणं. दोन काढा. ते नको म्हणणार नाहीत असं वाटत नाही, तरी काढा.'

मला हसू फुटलं. तात्याही हसले आणि त्याच वेळी त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "ह्याच त्या," ते म्हणाले. "अशाच बोलत्यात."

पुढे एका ठिकाणी, पुराच्या वर्षी लोकांनी पुस्तकं डोक्यावरून गढीवर कशी नेली हे तात्यांनी लिहिलं होतं, त्यापुढे एकच शब्द होता. 'छान.'

तात्या त्या शब्दापाशी थांबले. "सत्तावीस वर्षांत बाईनं 'छान' लिवलं न्हाई कधी," ते म्हणाले. मी पान पुढे सरकवायला गेले तर त्यांनी हातानेच मला थांबवलं.

प्रकरणाच्या शेवटच्या ओळीसमोर शेवटचा चौकोन होता.

'प्रकरण संपलं. तुमचा उलटा खिळा सापडला नाही. दोनदा शोधला. तब्येत बरी आहे ना?'

बाहेर मासिकांच्या खोलीत कुणीतरी खोकलं. मी तात्यांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"तात्या, तो खिळा चुकून पडायचा म्हणालात."

"सत्तावीस वर्षांत एकदा तरी चुकून पडला असंल की," तात्या म्हणाले.

मग माझ्याकडे न बघता ते बोलले. "माझा संसार हुता अक्का. बाईंच्या घरी आजारी वडील हुते. बोलायचं काय हुतं त्यात? मला त्या जिना उतरून खाली यायला पाहिजे हुत्या. पुस्तकामागं एकदा. तेवढंच. माझी मंडळी गेली त्या साली खिळा उलटा नसतानाबी बाई म्हैनाभर रोज खाली यायच्या. नुसत्या खिळ्यांच्या खणापाशी हुभ्या राहायच्या. जुळवत बसायचो मी. त्यांना ठावं हुतं सगळं. मला वाटायचं, न्हाई ठावं."

दुसऱ्या प्रकरणात एकेचाळीस खुणा होत्या. सुरुवातीलाच, 'पहिल्यातल्या खुणा पाहिल्या नाहीत का?' तिसऱ्यात छत्तीस. मध्येच एक, मजकुराशी काही संबंध नसलेली. 'पुतण्याने कानाला यंत्र आणून दिलंय. त्यात पंख्याचा आवाज फार येतो. आपलं ट्रेडल बरं होतं.' चौथ्यात फक्त अकरा होत्या. शेवटची अशी होती. 'उत्तर नाही. वाचतंय का कुणी?'

तात्या उठले. माझ्यासमोरचा श्रेयनामावलीचा कागद त्यांनी ओढून घेतला, कानावरची पेन्सिल काढली, आणि स्वतःच खोडलेल्या 'कुमुद हेर्लेकर' या नावाखाली एकेक करत टिंबं दिली. मग समासात लिहिलं, 'राहू द्या'.

"हे काय?"

"खोडलेलं परत ठेवायचं असलं की अशी खूण करत्यात. खाली टिंबं, बाजूला 'राहू द्या'." त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "बाईंनी ही खूण माझ्या पानावर कधी केली न्हाई. त्यांनी एकदा खोडलं की खोडलं. आता सरका तिकडं."

मी सरकले. तात्या माझ्या खुर्चीत बसले, आणि त्यांनी माऊसवर हात ठेवला.

शनिवार गेला, रविवार गेला. वाचनालय रविवारी बंद असतं, पण किल्ली माझ्याकडे होती. एकशे एकेचाळीस खुणा तात्यांनी एकेक करून दुरुस्त केल्या. प्रत्येक पिवळ्या चौकोनात, बाईंच्या वाक्याखाली, त्यांनी 'झालं' असं लिहिलं, कारण छापखान्याचा तसा रिवाज होता. तब्येतीच्या खुणेखाली लिहिलं, 'बरी आहे.' पंख्याच्या खुणेखाली काय लिहिलं ते मला दिसू नये म्हणून त्यांनी मला चहा सांगायला पाठवलं. चौथ्या प्रकरणाच्या शेवटी 'वाचतंय का कुणी?' याखाली लिहिलं, 'आजपासून मी.'

कोल्हापूरच्या छपाईवाल्यांना मी फोन करून चार दिवस मागून घेतले. अध्यक्षांनी कारण विचारलं तेव्हा नवं ऑफिस बसवताना माझ्याकडून घोळ झाला असं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

सोमवारी सकाळी पाचवं प्रकरण पाठवायची वेळ आली. तात्या शेवटच्या पानावर येऊन थांबले.

"अक्का, ह्यात अक्षर उलटं करता येतं?"

मी या वेळी लगेच उत्तर दिलं नाही. आधी बघितलं. अक्षराच्या मांडणीची यादी उघडली, एकेक पर्याय तपासला, एका रिकाम्या पानावर करून पाहिलं. मग म्हणाले, "उलटं नाही होत, तात्या. आडवं होतं."

"आडवं?"

"कुशीवर झोपल्यासारखं."

तात्यांनी विचार केला. "चालंल," ते म्हणाले. "वय झालं आता. आडवंच चालंल."

शेवटच्या ओळीतलं एक अक्षर आम्ही आडवं केलं. तात्यांनी मेलमध्ये एक शब्दही लिहू दिला नाही. पण फाइल पाठवण्याआधी, ते हात धुवायला गेले तेव्हा, मी पाचव्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीसमोर समासात माझी स्वतःची एक खूण केली. 'बाई, तुमच्या खुणा हा कचरा आहे असं तात्यांना मी सांगितलं होतं. न बघता. त्यांना आमच्या जुन्या संगणकात त्या दिसतच नव्हत्या. चूक माझी. रेवती, वाचनालय.'

बुधवारी उत्तर आलं. तात्या नऊपासून येऊन पायरीवर बसले होते. प्रकरण खुणांनी भरलेलं होतं, मोजल्या तेव्हा अठ्ठेचाळीस निघाल्या. माझ्या चौकोनात माझ्या वाक्याखाली लिहिलं होतं, 'मुली, विचारलेलं आधी बघावं, मग सांगावं.' ते वाक्य मी तेव्हापासून टेबलावर लावून ठेवलं आहे. नोकऱ्या बदलल्या, गावं बदलली, टेबलं बदलली, ते वाक्य तेच आहे.

आणि शेवटच्या ओळीसमोर होतं, 'खिळा आडवा पडलाय. दाखवायला येते. उद्या, सकाळची गाडी.'

"उद्या," तात्या म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "उद्याच की." आणि दाढी करायला गेले. सकाळची दाढी त्यांची झालेलीच होती.

गुरुवारी अकरा वाजता हेर्लेकरबाई आल्या. मी मनात उंच, कडक बाई उभी केली होती. या माझ्या खांद्याएवढ्याही नव्हत्या. फिकट निळं सुती लुगडं, कानात यंत्र, हातात कापडी पिशवी. पुतण्याची बायको सोबत होती, तिला त्यांनी मासिकांपाशी बसवलं. दारात उभ्या राहून त्यांनी आमची चिंचोळी खोली बघितली, भिंत बघितली, मग तात्यांकडे बघितलं. तात्या उभे होते. हात पाठीमागे, छापखान्यातल्यासारखे.

"जिना नाही इथे," बाई म्हणाल्या.

"न्हाई बाई," तात्या मोठ्याने म्हणाले. "आता समदं सपाट हाय."

"ओरडू नका. यंत्र आहे." त्या खुर्चीवर बसल्या. "पान द्या. मला त्या काचेवर वाचता येत नाही नीट. कसंबसं वाचलं."

पाचव्या प्रकरणाचं शेवटचं पान मी छापून ठेवलं होतं. तात्यांनी ते त्यांच्यापुढे ठेवलं आणि कानावरची पेन्सिल काढून दिली. बाईंनी सगळं पान वरपासून वाचलं. घाई अजिबात केली नाही. एके ठिकाणी स्वल्पविराम घातला. शेवटच्या ओळीपाशी पेन्सिल आली आणि थांबली.

"तातोबा, हा बघा तुमचा आडवा," त्या म्हणाल्या.

"व्हय बाई."

बाईंनी त्या आडव्या अक्षराभोवती गोल केला. त्याला काट मारून सरळ करायची खूण समासात केली. मग पेन्सिल उचलून त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. तात्या जागचे हलले नव्हते. मला वाटलं, काहीतरी चुकलंय.

बाईंनी पुन्हा पेन्सिल टेकवली, समासातली स्वतःची खूण खोडली आणि त्या अक्षराखाली, एकेक करत, टिंबं दिली. बाजूला आपल्या बारीक, टोकदार अक्षरात दोन शब्द लिहिले.

ती स्मरणिका माझ्या कपाटात आहे. एकशे बाराव्या पानावर, शेवटच्या ओळीत, एक अक्षर कुशीवर झोपलेलं आहे. ज्याच्या हाती पुस्तक पडतं तो हटकून ते पान उघडतो आणि मला दाखवतो, बघा, एवढी मोठी चूक, कुणी वाचलंच नाही की काय. मी आधी पान बघते, मग सांगते, वाचलंय.